त्रिकोण दीर्घिकेची वजाबाकी : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

या हंगामात काम एकच. त्रिकोण दीर्घिका, म्हणजे एम ३३, हिच्या फोटोतून ताऱ्यांचा उजेड वजा करायचा आणि नुसता हायड्रोजनचा उजेड मागे ठेवायचा. मग त्यात एनजीसी ६०४ किती चमकतो ते मोजायचं. विल्यम हर्शेलने हा तेजोमेघ ११ सप्टेंबर १७८४ ला पाहिला. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरच्या परक्या दीर्घिकेतला ढग नाशिकमधल्या इंदिरानगरच्या गच्चीवरून ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सापडतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आधी कागदावर हिशेब. ढगाची रुंदी सुमारे १,५०० प्रकाशवर्षं, अंतर २७ लाख, म्हणजे आकाशात ११५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). माझी फोकल लेंग्थ ४८० मिमी, पिक्सेल ३.८ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलला १.६३ विकला. ढग ७० पिक्सेल रुंद येईल. मोजायला पुरेसा आहे.

दुसरी शंका फिल्टरची. हायड्रोजन अल्फाची, म्हणजे हायड्रोजनच्या लाल उजेडाची, रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर, माझ्या फिल्टरची पट्टी ७ नॅनोमीटरची. एम ३३ सेकंदाला साधारण १८० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे, त्यामुळे रेषा निळ्याकडे सरकते. पण किती, तर ०.४ नॅनोमीटर. पट्टीच्या आतच राहते.

पौर्णिमा बुधवारीच झाली, नऊच्या आत चंद्र वर येतो, म्हणून आज फक्त डार्क, म्हणजे दुर्बिणीचं तोंड झाकून घेतलेल्या काळ्या फ्रेम. उणे १० अंशांवर ३०० सेकंदांचे २० आणि ६० सेकंदांचे २०. एकच डार्क काढून वजा केला तर त्याची स्वतःची खरखर (पिक्सेलच्या आकड्यांतला यादृच्छिक चढउतार) चित्रात मिसळते आणि एकूण खरखर १.४१ पट होते. वजाबाकीतही खरखर वाढतेच, दोन्हींच्या वर्गांची बेरीज होते. २० डार्कची सरासरी वजा केली की वाढ उरते फक्त अडीच टक्के. म्हणून हे कंटाळवाणं काम मी टाळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. गिरणारे

लाल फिल्टरसाठी मावसभावाच्या द्राक्षबागेत. लाल फिल्टरची पट्टी साधारण १०० नॅनोमीटर रुंद, शहराचा सगळा उजेड त्यातून आत येतो, म्हणून तेवढं काम गावाबाहेर. हायड्रोजनचा अरुंद फिल्टर मात्र शहरातही चालतो.

सूर्य मावळल्यावर दुर्बिणीच्या तोंडावर मांजरपाटाचं दुहेरी कापड ताणून २५ फ्लॅट (सगळीकडे सारख्या उजेडाच्या फ्रेम) घेतले. कापडाला सुरकुती नको, म्हणून मावशीने इस्त्री करून दिलं. एम ३३ साडेदहाच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच जागी, आली. नाशिकच्या २० अंश अक्षांशावरून ती क्षितिजापासून ७९ अंशांवर जाते, जवळपास डोक्यावरच. ६० सेकंदांच्या ६० फ्रेम मिळाल्या.

दीडनंतर दव. भाऊ उठून बॅटरी घेऊन पानं बघत फिरला. "दादा, दव पडलं का आमची झोप उडती." त्याला डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीरोगाची) धास्ती, मला भिंगाची. हीटर पट्टी लावली होती म्हणून शेवटच्या फ्रेमपर्यंत तारे स्वच्छ राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

फ्रेम तपासल्या. एकट्या फ्रेममधली प्रत्येक किंमत १६ च्या पटीत आहे, कारण कॅमेरा १२ बिटचा. तो ० ते ४०९५ मोजतो आणि फाइलमध्ये १६ ने गुणून ठेवतो. काळ्या फ्रेमची पातळी ८०० च्या आसपास, म्हणजे मूळचे ५०. ही ८०० ची पातळी मुद्दाम ठेवलेली असते, तिचं कारण पुढे कळलं. तारे जुळवून फ्रेम एकत्र केल्या, म्हणजे स्टॅक केला. बाकी झोप.

२१ आणि २२ नोव्हेंबर

दोन्ही रात्री घरची गच्ची. गुरुवारी अमावस्या झाली, त्यामुळे चंद्राची अडचण नाही. हायड्रोजनच्या ३०० सेकंदांच्या १८ आणि १८, मिळून ३६ फ्रेम, बरोबर तीन तास. शनिवारी समोरच्या बंगल्यात लग्नाची रोषणाई होती, तरी अरुंद फिल्टरने ती जवळजवळ सगळी गाळली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की डार्क, फ्लॅट सगळं आपोआप लागतं. पण मला शेवटी मोजमाप करायचं आहे, म्हणून यावेळी प्रत्येक पायरी पिक्सेल मॅथच्या खिडकीत हाताने लिहायची ठरवली. आणि पहिल्याच पायरीत चुकलो.

मी लिहिलं: लाइट ÷ फ्लॅट − डार्क (लाइट म्हणजे आकाशाची फ्रेम). भागाकार वजाबाकीच्या आधी होतो, हे शाळेत शिकलेलं. कंस घालायचा राहिला. चित्रात चारही कोपरे उजळ आणि मध्य काळोखा. आधी वाटलं फ्लॅट बिघडले, कापडाला दोष दिला. मग एका फ्रेमचे आकडे वहीत मांडले तेव्हा उलगडलं.

मध्यावर किंमत ११००. त्यातले ८०० कॅमेऱ्याची पातळी, ३०० खरं आकाश. कोपऱ्यात भिंगातून ८० टक्केच उजेड पोचतो, म्हणून तिथे आकाश २४०, एकूण १०४०. आता १०४० ला ०.८ ने भागलं तर १३००. त्यातून ८०० गेले, उरले ५००. मध्यावर ३००, कोपऱ्यात ५००! भागाकाराने त्या ८०० लाही वाढवलं, आणि त्यांनी तर भिंग कधी पाहिलंच नव्हतं.

बरोबर क्रम: (लाइट − डार्क) ÷ फ्लॅट. मग कोपऱ्यात २४० ÷ ०.८ = ३००. फ्लॅटमधूनही त्याची काळी पातळी आधी वजा करायची आणि मग त्याला स्वतःच्या सरासरीने भागायचं, म्हणजे तो १ च्या आसपास येतो आणि चित्राची एकूण किंमत हलत नाही.

या एका रविवारी मला जे कळलं ते आधीची तीन वर्षं बटण दाबून कळलं नव्हतं. उजेडात जे मिसळतं ते वजा करायचं: कॅमेऱ्याची पातळी, सेन्सरची ऊब, शहराची चमक. उजेड जे अडवतं त्याने भागायचं: भिंगाच्या कडेची छाया, काचेवरचा धुळीचा कण. क्रियेचं चिन्ह निवडण्याआधी त्या पिक्सेलपर्यंत उजेड कसा आला हे विचारायचं. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहरात धूळ भरपूर आहे, दोन नवे धुळीचे गोल याच आठवड्यात फ्लॅटमध्ये आलेत. भागाकाराने ते पूर्ण गेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

भरीत-भाकरी खाऊन बसलो. शहराकडच्या बाजूने येणारा चढता उजेड दोन्ही चित्रांतून वजा केला. नमुन्याचे ठिपके दीर्घिकेच्या भुजांपासून लांब ठेवले, नाहीतर सॉफ्टवेअर भुजांनाच शहराचा उजेड समजून खातं.

मग दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवली. गिरणाऱ्यात कॅमेरा जरा वेगळ्या कोनात फिरलेला होता. पिक्सेलवर तोच पिक्सेल आल्याशिवाय कुठलंच गणित खरं नाही.

तरी एक फरक उरतो. बागेत ताऱ्यांची रुंदी २.४ पिक्सेल, गच्चीवर ३.०, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो. तशीच वजाबाकी केली तर प्रत्येक ताऱ्याभोवती कडं उमटेल. म्हणून लाल चित्र मुद्दाम तेवढं धूसर करायचं. ३ चा वर्ग ९, २.४ चा ५.७६, फरक ३.२४, त्याचं वर्गमूळ १.८. तर १.८ पिक्सेल रुंदीचं धूसरपण दिलं आणि दोन्हीकडचे तारे सारखे झाले. चांगलं चित्र बिघडवताना हात जड होतो, पण मूळ फाइल वेगळी जपली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मुख्य गुणक. हायड्रोजनच्या फिल्टरमधूनही ताऱ्यांचा थोडा उजेड येतोच, ७ नॅनोमीटरपुरता. तो किती ते लाल चित्र सांगतं. सूत्र साधं: हायड्रोजन − गुणक × लाल. सगळा प्रश्न गुणकाचा.

अंदाजाने ७ ÷ १०० = ०.०७. पण एक फ्रेम ३०० सेकंदांची, दुसरी ६० ची, म्हणून पाचपट, ०.३५. हा कागदावरचा आकडा झाला; फिल्टरची पट्टी आणि सेन्सरची नजर दोन्ही सपाट नसतात. खरा गुणक ताऱ्यांनाच विचारायचा. आपल्याच आकाशगंगेतले, चौकटीत मध्ये आलेले ३४ तारे निवडले, एकही जळालेला (उजेड जास्त होऊन आकडा टोकाला अडकलेला) नाही. प्रत्येकाची दोन्ही चित्रांतली एकूण किंमत मोजून भागाकार केला.

बहुतेक ०.३० ते ०.३२ मध्ये. चार तारे बरेच खाली. ते पांढरे, तप्त तारे निघाले. अशा ताऱ्यांच्या वर्णपटात नेमक्या हायड्रोजनच्या जागी गडद रेषा असते, म्हणून अरुंद फिल्टरमध्ये ते फिके दिसतात. सरासरी घेतली असती तर या चौघांनी गुणक खाली ओढला असता. मध्यक घेतला: ०.३१.

अजून एक बाब नोंदवून ठेवतो, कारण बरेच जण ती सोडून देतात. लाल चित्रातही हायड्रोजनची रेषा आहेच. त्यामुळे वजाबाकीत ढगाचाही थोडा उजेड जातो. लाल फ्रेममध्ये रेषेचा उजेड पाचवा हिस्सा (६० सेकंद), गुणिले ०.३१, म्हणजे ०.०६२. सहा टक्के तोटा. शेवटी सगळं ०.९३८ ने भागलं की भरून येतो.

आणि हे सगळं चित्र ताणायच्या आधी. डोळ्यांना दिसावं म्हणून फिकट भाग उजळून एकदा ताणलं की ३०० आणि ६०० मध्ये दुपटीचं नातं उरत नाही, मग गुणकाला अर्थ नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

कामावरून आल्यावर वजाबाकी केली. तारे विरघळले. चार पांढऱ्या ताऱ्यांच्या जागी काळी भोकं, अपेक्षेप्रमाणे. आणि दीर्घिकेच्या ईशान्य बाजूला, केंद्रापासून सुमारे १२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर, एनजीसी ६०४. त्याच्या खालोखाल ५९५, मग ५९२, ५८८. भुजांवर लहान लहान गाठी, जणू ओल्या मातीवर पडलेले थेंब. रात्री साडेबारापर्यंत नुसता बघत बसलो.

पण मोजायला घेतलं तर पार्श्वभूमी शून्य नाही. रिकाम्या आकाशाची सरासरी ५.६. दोन्ही चित्रांची पार्श्वभूमी मी शून्यावर आणली होती. दीर्घिकेबाहेर सगळीकडे मंद धुकं. हायड्रोजन इतका लांबपर्यंत पसरलाय असं मनाला वाटून घेणं सोपं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

भाचीला फाइली पाठवल्या, ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने तीच वजाबाकी पायथनमध्ये केली आणि रात्री फोन.

"मामा, माझ्याकडे तर सगळं आकाश पांढऱ्या ठिपक्यांनी भरलंय. १०० मधून १०५ गेले तर ६५५३१ कसे येतात?"

"तू कुठल्या प्रकारात वाचलीस फाइल?"

"आहे तशीच. १६ बिट, चिन्हाशिवाय."

तिथेच दोघांचं उत्तर होतं. चिन्हाशिवायच्या १६ बिटमध्ये ० च्या खाली जागाच नाही. तिच्या प्रोग्राममध्ये आकडा मीटरसारखा उलटा फिरून ६५५३५ च्या टोकावरून खाली मोजत आला. माझ्याकडे निकालाची फाइल १६ बिटमध्ये जतन होत होती, आणि उणे झालेला प्रत्येक पिक्सेल गुपचूप ० झाला. तिची चूक ठिपक्यांनी ओरडली. माझी गप्प बसली, म्हणून ती जास्त घातक.

६ डिसेंबर, शनिवार

भाची घरी आली. म्हणाली, दीर्घिका बाजूला ठेव, कोऱ्या चित्रावर करून बघू. तिने १० लाख पिक्सेलांचं खोटं आकाश तयार केलं: सरासरी शून्य, खरखर १४, माझ्या चित्राइतकीच. सरासरी घेतली, शून्य. मग उण्या किमती ० केल्या आणि पुन्हा सरासरी घेतली. ५.६. माझ्या धुक्याचा आकडा, दशांशासकट.

सूत्रही तेच सांगतं: खरखर भागिले २ पायचं वर्गमूळ, म्हणजे खरखरीच्या ०.४ पट. धुकं आकाशात नव्हतं, ते फाइल जतन करताना तयार झालं.

मी एका पॅकहाऊसमध्ये हिशेब लिहितो. आपल्या भाषेत उणे संख्येला ऋण म्हणतात, म्हणजे कर्ज, इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांचे नियम लिहिले ते याच शब्दांत. खातेवहीत ज्यांच्याकडे येणं आहे ते ठेवले आणि ज्यांचं देणं आहे ते सगळे शून्य लिहिले, तर ताळेबंद फुगलेला दिसेल. मी चित्राशी नेमकं हेच केलं होतं. रिकाम्या आकाशातला अर्धा पिक्सेलसमूह ऋण असायलाच हवा. तो ऋण आहे म्हणूनच बाकीच्या अर्ध्याशी मिळून शून्य होतो.

नुकसान किती, तेही काढलं. बाहेरच्या भुजेवर खरी किंमत ७ धरली, खरखर १४. उणे छाटल्यावर तिथली सरासरी येते ९.८. शेजारच्या आकाशाची ५.६. फरक ४.२. खरा फरक ७ चा होता. फिकट भुजेचा ४० टक्के उठाव गेला, तोही आकाश जास्त उजळ दाखवून. आणि ६०४ च्या मोजमापात: ढग इतका तेजस्वी की त्याचे पिक्सेल छाटले जात नाहीत, पण त्याच्याभोवतीचं आकाश ५.६ ने फुगलेलं. ३५ पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात ३,८४८ पिक्सेल. गुणिले ५.६, सुमारे २१,५०० एकक ढगाच्या खात्यातून उगाच वजा.

कॅमेरा बनवणारे ८०० ची पातळी का ठेवतात ते आता कळलं. खरखर खाली झुकली तरी शून्याला आपटू नये म्हणून ती अनामत आहे.

७ डिसेंबर, रविवार

सिरिल ३२ बिट दशांशावर लावलं, त्यात उणे आकडेही राहतात. शिवाय वजाबाकीच्या सूत्रातच ५०० मिळवले: हायड्रोजन − ०.३१ × लाल + ५००. पुढे कोणी १६ बिटमध्ये जतन केलं तरी खरखर वाचेल. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या नोंदींत) हे ५०० लिहून ठेवले, मोजताना परत वजा करायचे. रिस्केलची खूण काढून टाकली. ती ठेवली तर सॉफ्टवेअर सगळ्या किमती ओढून ० ते १ मध्ये बसवतं आणि गुणकाचं केलेलं काम वाया जातं.

ही चित्रं ज्यात जतन होतात त्या फिट्स फाइलचीही एक गंमत भाचीने दाखवली. हा साचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले १६ बिटचे पूर्णांक मुळात चिन्हासकट असतात, उणे ३२७६८ ते ३२७६७. आपले ० ते ६५५३५ त्यात बसवायला हेडरमध्ये ३२७६८ ची नोंद करतात. म्हणजे तिथेही कोणीतरी अनामत ठेवलेली आहेच.

निकाल: रिकामं आकाश, ५०० वजा जाता, शून्याच्या अगदी जवळ. धुकं गेलं. दक्षिणेकडची एक भुजा, जी मंगळवारी दिसतच नव्हती, आता तुटक तुटक दिसते.

१० डिसेंबर, बुधवार

सगळं ०.९३८ ने भागलं. ६०४ आणि ५९५ दोन्ही पुन्हा मोजले. भाचीने स्वतंत्रपणे पायथनमध्ये मोजले, या वेळी फाइल उघडल्या उघडल्या ३२ बिट दशांशात बदलून. दोघांचे आकडे एक टक्क्याच्या आत जुळले.

१३ डिसेंबर, शनिवार

वजाबाकीऐवजी भागाकार करून पाहिला: हायड्रोजन ÷ लाल. दीर्घिकेच्या आत सुंदर नकाशा येतो, कुठे तारे कमी आणि वायू जास्त ते लगेच कळतं. पण बाहेर दोन्ही चित्रं शून्याजवळ, आणि शून्याजवळच्या खरखरीने भागलं की वाट्टेल ते आकडे. लाल किंमत खरखरीच्या पाचपटीपेक्षा कमी असेल तिथे निकाल ० ठेवायची अट सूत्रात घातली. मोजायला नाही, पाहायला ठेवतो.

१४ डिसेंबर, रविवार

रंगीत चित्रासाठी लाल चित्रात काढलेला हायड्रोजन तीनपट करून मिळवला. आईला दाखवलं. तिने ६०४ वर बोट ठेवून विचारलं, हा लाल ठिपका कुठला? म्हटलं, तिथे नवे तारे जन्मतात. ती बराच वेळ बघत राहिली.

खरखरीत लाल चित्राचा वाटा अजून कमी करता येईल. शनिवारी पुन्हा अमावस्या आहे. मावसभावाला फोन केला. "ये दादा, पण पारा उतरला तर बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतील, धूर असंल." धूर शहराकडे जाईल की दुर्बिणीकडे, ते वाऱ्यावर. कापड इस्त्रीला दिलं आहे.